निकेलचा माणूस, क्रोमची टाकी

श्रद्धांजलीचा लेख म्हटल्यावर काही जणांनी रुमाल काढला असेल. ठेवा परत खिशात. इथं 'हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांच्या मदतीला धावून जाणारे' असलं काही येणार नाहीये. ज्याच्याबद्दल लिहितोय तो मनमिळाऊ नव्हताच. चहात साखर कमी पडली तर टपरीवाल्याच्या खानदानाची चौकशी करायचा. मदतीला यायचा, नाही असं नाही, पण आधी पोटभर टोमणे मारून मग. नाव सुधाकर. भोसरीत एका प्लेटिंगच्या शेडमध्ये केमिस्ट होता. मोटरसायकलचे सायलेन्सर, हँडल, बाथरूमचे नळ, असल्या मालावर आधी निकेलचा थर चढवायचा आणि त्यावर क्रोमचा, हे त्याचं काम. मागच्या महिन्यात गेला. फुप्फुसाचा कॅन्सर. चाळिशी पण गाठली नाही. ज्यांना अजून माहिती हवी त्यांनी चौकातला फ्लेक्स बघावा, तिथं त्याच्या फोटोपेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा आहे.

झालं. आता मी तुझ्याशी बोलतो, दादा. बाकीचे ऐकत बसले तर बसू देत.

मला तुझ्यावर चिडायचंय. तू गेल्यापासून प्रत्येक जण मला सांगतोय की गेलेल्या माणसावर चिडू नये. मग कोणावर चिडू? त्या क्रोमच्या टाकीवर जो एक्झॉस्टचा पंखा होता, तो धड होता. बिघडलेला नव्हता. त्याचं बटण तुझ्या हाताच्या अंतरावर होतं. ते तू दाबत नव्हतास. का, एवढंच मला विचारायचं होतं आणि ते राहिलं. आता त्याच टाकीवर तुझ्या हाताखालचा सदा उभा असतो, तुझ्या जागी. त्याच्या रुमालावर रोज रक्ताचे ठिपके असतात आणि तो हसून सांगतो, "उष्णता हो, प्रकाशभाऊ." म्हणून हा विषय तुझ्याबरोबर संपलेला नाही. संपला असता तर मीही गप्प बसलो असतो, दोन फुलं वाहिली असती आणि हिंजवडीच्या बसमध्ये चढलो असतो.

हिंगणघाटवरून मी पुण्यात आलो तेव्हा माझ्याकडं एक बॅग होती, बी.ए.चा सेकंड क्लास होता आणि घशात पंधरा-वीस लोक होते. तू आपल्या गल्लीतला, माझ्या मोठ्या भावाच्या वर्गातला, म्हणून आईनं तुझा पत्ता दिला. तू दार उघडलंस, वरपासून खालपर्यंत बघितलंस.

"येते काय तुले?"

"आवाज काढता येतात."

"कोनाचे?"

मी आपल्या हेडमास्तरांचा काढला. तुला पण त्यांनीच छड्या मारल्या होत्या. तू दाराच्या चौकटीला धरून हसलास, पार खाली बसलास. मग डोळे पुसलेस आणि म्हणालास, "हे पोटाचं काम नाई बे. कम्प्युटर शिक. आन् चप्पल बाहेर काढ."

असा तू. आधी हसणार, मग लाथ घालणार.

त्या खोलीत गॅस नव्हता. तारेची शेगडी होती, तिच्यावर खिचडी. तार लाल झाली की तुझी शाळा भरायची. मला केमिस्ट्रीशी काही घेणं-देणं नव्हतं, पण शेगडी तुझी, तांदूळ तुझे, त्यामुळे ऐकायला लागायचं.

"हे पाह्य पक्या. या तारेत कोन हाय? निकेल हाय आन् क्रोम हाय. निकेल जास्त, क्रोम थोडा. दोघं मिळून लाल होतात, पन जळून जात नाईत. तुह्यी खिचडी शिजते ते यांच्यामुळे."

"आणि करपते ती?"

"ते तुह्यामुळे."

तुझ्या लेखी जगात दोनच धातू होते. बाकीचे म्हणजे नुसती गर्दी. तू भिंतीवर तो मोठा तक्ता लावला होतास, मूलद्रव्यांचा, ज्याच्या मागं झुरळं राहायची. चौथ्या ओळीवर बोट ठेवून सांगायचास की हे बघ, इकडं क्रोमियम, तिकडं निकेल, मधे मँगनीज, लोखंड, कोबाल्ट. एकाच चाळीत राहणारे. लोखंड बिचारं मधल्या खोलीत, जरा ओल लागली की गंजणारं, आणि हे दोन शेजारी आळीपाळीनं येऊन त्याच्यावर पांघरूण घालणारे. मी म्हणायचो, मग भांडण कशाला, दोघं चांगले की. हे ऐकलं की तू ताट बाजूला ठेवायचास.

कारण तू निकेलचा माणूस होतास. पार्टीच होती तुझी. निकेल काम करतं आणि क्रोम श्रेय घेतं, हे तुझं भाषण मला अजून तुझ्याच आवाजात पाठ आहे. सायलेन्सर निकेलच्या टाकीत अर्धा तास बुडून राहतो. टाकी हिरवीगार, वेलचीचं सरबत केल्यासारखी. तिच्यात निकेलचेच तुकडे पिशवीत घालून लटकवायचे, ते स्वतः झिजतात, विरघळतात आणि सायलेन्सरवर जाऊन बसतात. दिलेला करंट जवळजवळ सगळा कामाला लागतो. मग तोच सायलेन्सर धुऊन क्रोमच्या टाकीत घालायचा. ती टाकी काळपट लाल. तिथं चहा ढवळून होईपर्यंत काम खलास. थर इतका पातळ की केसाला पण लाज वाटावी. लटकवलेलं असतं ते शिसं, ते स्वतःचं काही देत नाही. आणि करंट?

"करंट खाते साल्याचा! खाते आन् फेस काढते. बुडबुडे, बुडबुडे. दिलं त्यातलं थोडकंसं काम, बाकी सगळा फेस. पक्का पुढारी हाय क्रोम. आन् गिऱ्हाईक काय म्हनते? वा, काय क्रोम केलं! अबे, खाली निकेल नसतं तर तुह्या त्या क्रोमच्या भेगांतून पानी आत शिरलं असतं आन् पहिल्या पावसाळ्यात सायलेन्सरले फोड आले असते."

मी मुद्दाम क्रोमची बाजू घ्यायचो. मला तेवढंच सुख होतं. क्रोम कडक आहे की नाही? आहे. ओरखडा पडत नाही? नाही पडत. नुसतं निकेल ठेवलं तर वर्षभरात पिवळट पडतं, जुन्या दातांसारखं? पडतं. मग? तू म्हणायचास, गोरेपणावर जाऊ नको. मी म्हणायचो, अख्खं पुणं जातंय, मी एकट्यानं काय पाप केलंय? त्या दिवसांत खरंच अख्खं पुणं चमकायला लागलं होतं. नव्या गाड्या, नवे नळ, काचेच्या इमारती, पगारापेक्षा मोठे मोबाईल. तुमच्या शेडला काम आवरत नव्हतं. अण्णानं, म्हणजे तुझ्या मालकानं, वडिलोपार्जित ज्वारीच्या वावरात एकाला तीन शेड उभ्या केल्या होत्या.

एकदा मी तुला जवळजवळ हरवलं होतं. मी गणेशोत्सवात कार्यक्रम करायला लागलो होतो आणि घरी टेपवर आवाज भरून ऐकायचो. जरा बऱ्यातली कॅसेट आणली, तिच्यावर क्रोम असं छापलेलं. मी तुझ्या नाकासमोर नाचवली.

"वाच. आत क्रोमची पावडर असते. माझा आवाज क्रोमवर बसतो. तुझं निकेल कुठंय इथं? फक्त खिचडी करपायला?"

तू कॅसेट उलटीपालटी करून बघितलीस. मग टेपचं झाकण उघडलंस, आतल्या त्या छोट्या चकचकीत डोक्यावर बोट टेकवलंस. इतका सावकाश बोललास की मला तेव्हाच कळलं, मेलो.

"हे डोकं. हे फिरत्या टेपवरचं वाचते. हे निकेल आन् लोखंडाचं असते. तू क्रोमवर कितीबी बोंबल, राजा. ऐकाले निकेलच लागते."

आणि वर हसलास. ते हसू मला आजही सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात भांड्यांच्या दुकानात तू खिशातून चुंबक काढून प्रत्येक वाटीला लावत बसलास. दुकानदार अस्सल पुणेकर. त्यानं थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "आपल्याला वाटी हवी आहे की सून बघताय?" तू त्याला पण शिकवायला लागलास. म्हणे, निकेलला स्वतःला चुंबक ओढतं, क्रोमला ओढत नाही. पण चांगल्या स्टीलमध्ये क्रोम घातलं की ते गंजायचं थांबतं, आणि वरून निकेल घातलं की चुंबक त्याला सोडून देतं. म्हणजे जो स्वतः चुंबकाकडं धावतो, तोच आत गेल्यावर दुसऱ्याला चुंबकापासून सोडवतो. दुकानदार म्हणाला, "वा. आता वाटी खाली ठेवा." मी रस्ताभर हसत होतो. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही. तुला सोडवायला कोणी आत शिरलं नाही, दादा. तू स्वतः पण शिरला नाहीस.

तुझा लाडका निकेल काही साधू नव्हता हेही सांगून टाकतो. तुझ्या मनगटांवर त्याची खाज होती, लाल चट्टे, घड्याळाच्या पट्ट्याखाली रक्त येईपर्यंत खाजवायचास. पण निकेल निदान कातडीवर थांबत होतं. क्रोम तसं नव्हतं. ते जे बुडबुडे तू पुढारी म्हणून हसण्यावारी न्यायचास, ते टाकीच्या वर येऊन फुटायचे आणि प्रत्येकातून आम्लाचा बारीक फवारा उडायचा. तो ओढून घ्यायलाच टाकीच्या काठावर ते धुराडं आणि तो पंखा होता. मी पहिल्यांदा शेडमध्ये आलो तेव्हा माझ्या घशात काहीतरी ओरबाडल्यासारखं झालं. मी विचारलं, पंखा का बंद? तू म्हणालास, "चालू केला तं माल उडून जाते." पंखा वाफ ओढतो, वाफेतून क्रोमचं आम्ल जातं, आम्ल महाग, म्हणून पंखा बंद. सगळ्या शेडमध्ये हाच हिशोब. आणि अण्णा चार लोकांत म्हणायचा, "आमचा केमिस्ट लई हुशार. दुसऱ्याच्या शेडात जेवढं क्रोम दोन म्हैन्यात सपतं, त्येवढ्यात हा तीन म्हैने काढतो." तेव्हा तुझी छाती कशी फुगायची! आत काय भरून फुगते आहे ते तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. बी.एस्सी. तू होतास. मला नाही, तुला माहीत होतं.

आणि मग ते पेढे.

हे मी ऑफिसात सांगितलं तर कोणाचा विश्वास बसला नाही. क्रोमच्या टाकीवर वर्षं काढली की नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं. आधी खपल्या धरतात, रक्त येतं, मग एक दिवस आरपार. दुखत नाही म्हणे. मग श्वास घेताना नाक शिट्टी मारतं. बारीक, कुकरला वाफ धरायला लागते तशी. दुसरीकडं माणूस डॉक्टरकडं पळाला असता. तुमच्या शेडची रीत अशी की शिट्टी वाजली की गडी पक्का झाला. त्यानं पेढे वाटायचे. तू वाटलेस! मला मुद्दाम बोलावून घेतलंस, पुडा पुढं केलास आणि म्हणालास, "ऐक." श्वास घेतलास. वाजलं. सगळी शेड टाळ्या वाजवत होती. सदा तर नाचला. आणि मी?

मी पेढा खाल्ला आणि तिथल्या तिथं ती शिट्टी उचलली. जिभेचं टोक टाळूला लावून, भोक न पाडता. तू खूश. "पाह्य, याले फुकटात आली!"

तुझं लग्न होऊन मंदावहिनी आली आणि मी खोली सोडली. कॉल सेंटरात लागलो, हिंजवडीला. हेडमास्तर, कंडक्टर, अण्णा, सगळे आवाज बाजूला राहिले आणि एकाच आवाजाचा पगार मिळायला लागला, तो पण सातासमुद्रापलीकडचा. माझं नाव तिथं पीटर. तू रविवारी भेटलास की माझ्या शर्टाची कॉलर चिमटीत धरून बघायचास. "क्रोम चांगला बसला हाय," म्हणायचास. "खाली निकेल मारलं काय, का डायरेक लोखंडावर?" मला राग यायचा. तुझ्या शिट्टीसकट ते वाक्य मला ऐकू यायचं आणि मी म्हणायचो, "दादा, नाक दाखव डॉक्टरला." तू म्हणायचास, "तू तुह्यं बोलनं दाखव." मग वहिनी पोहे घेऊन यायची आणि दोघांकडं बघून मान हलवायची. तुमच्या घरी ती बोलायची कमी, असं मला वाटायचं. मला खूप काय काय वाटायचं.

दवाखान्यातला तो डॉक्टर आठवतो? पुण्याचा, सदाशिव पेठेतला शोभावा असा. मी त्याला बाहेर गाठून विचारलं, हे क्रोमच्या वाफेनं झालं ना? तो म्हणाला, "क्रोमनं होऊ शकतं. सिगारेटनं होऊ शकतं. आपण वकील आहात का?" नाही म्हटलं. "मग आपल्याला कारण कशाला हवंय? औषध आणा." तुझ्या दिवसाच्या दोन सिगारेटी. चहाबरोबर. त्या दोन सिगारेटींनी तुला शेवटपर्यंत गप्प ठेवलं आणि अण्णाला बोलायला तोंड दिलं.

अण्णा येत नव्हता असं नाही. येऊन बसायचा, तुझे पाय दाबायचा. पायच दाबायचा, हे मी खोटं सांगत नाही. म्हणून तर जास्त राग येतो. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं.

शेवटचं आपण बोललो ते सलाईनच्या स्टँडवर. तुला धाप लागत होती, नळी होती नाकात, शिट्टी बंद झाली होती. तू बोटानं खूण करून मला स्टँडजवळ वाकायला लावलंस.

"दिसते काय?"

"काय?"

"क्रोम उडालं. खालचं निकेल दिसून राह्यलं. पिवळं. तेबी पातळ मारलं साल्यानं. कोन्या शेडचं काम हाय हे?"

मी विचारणार होतो. खरंच. जिभेवर होतं, की दादा, पंखा का नाही लावलास? पण तू त्या स्टँडकडं इतक्या मायेनं बघत होतास, की मी म्हणालो, "चौकशी करतो." तू मान हलवलीस, म्हणजे, कर. त्यानंतर आपण बोललो नाही. आपल्या सगळ्या भांडणांचा शेवट एका गंजक्या स्टँडवर झाला आणि त्यात पण तूच बरोबर होतास.

शोकसभा अण्णानं शेडमध्येच ठेवली, सुट्टीच्या दिवशी. टाक्यांना करंट देणाऱ्या रेक्टिफायरच्या पेटीवर तुझा फोटो, झेंडूचा हार. दोन्ही टाक्यांवर फळ्या टाकलेल्या, तरी वास येत होताच. प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढं वहिनी, तिच्या बाजूला तिची आई. मागं सगळे कामगार, आंघोळ करून, केस चापून. सदा रुमाल नाकाला लावून. सगळ्यांना वाटलं रडतोय.

अण्णा बोलायला उभा राहिला. "सुधाकर म्हंजे आपला हिरा व्हता. ह्या शेडीचा खांब व्हता. काय सांगू. येकच खोड. सिगारेट. किती येळा म्हनलो, सोड बाबा, सोड. न्हाय ऐकलं. पोरांनो, तुमी तरी शाने व्हा. आजपास्नं शेडमदी सिगारेट बंद." आणि बोलता बोलता त्याला खरोखरच रडू आलं. आणि मागचे सगळे माना हलवायला लागले. सदा पण! रक्ताचा रुमाल नाकाला आणि मान हलवतोय, होय होय, सिगारेट.

मी उठलो. म्हणालो, दोन शब्द बोलतो. मी दोन शब्द बोलणार नव्हतो, मला बोलायलाच येत नाही, मला फक्त काढता येतं. मी जीभ टाळूला लावली आणि श्वास घेतला.

शिट्टी वाजली.

दादा, शेडमधला एकही माणूस हलला नाही. पत्र्याला लागून ती परत आली. मग मी तुझ्यासारखा डावा खांदा खाली सोडला, मनगट खाजवलं आणि बोललो. तुझा आवाज इतका चांगला माझ्याकडून कधीच निघाला नव्हता.

"अन्ना, एक सांगू काय? सिगारेटनं नाकाले भोक पडत नाई. इथल्या चार जनांची नाकं वाजून राह्यली, त्यातले दोघं तं तंबाखूलेबी शिवत नाईत. तो पंखा लावा, अन्ना. मी तुमाले म्हनतच होतो ना, पंखा लावा म्हनून? तुमीच म्हनले, माल उडून जाते. जाऊ द्या उडून. सदाले पेढे वाटाले लावू नका. त्याच्या पोरी लहान हायेत."

आधी दोघं-तिघं हसले, कारण तू हुबेहूब होतास. मग कोणी हसेना. एकानं रुमाल काढला. मग सगळे रडायला लागले, तो साठीचा पॉलिशवाला पण. अण्णा खाली बघत होता. मग तुझ्या फोटोकडं बघून, माझ्याकडं नाही, फोटोकडं, त्यानं हात जोडले. "माफ कर, बाबा. तू म्हनलाच आसशील. मपल्यालाच आठवंना. सदा, सकाळच्याला पंखा चालू करायचा. बंद दिसला तर मला इचारायचं न्हाय, घरी जायचं."

मला काय वाटलं असेल सांग. मला वाटलं, जिंकलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाजानं काहीतरी हललं. सदानं मला मिठी मारली. मी मनात तुला म्हणालो, बघ, तुला जमलं नाही ते तुझ्याकडून करून घेतलं.

तेवढ्यात वहिनी उठली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाऊजी, बाहेर या."

मी गेलो. शेडच्या मागं, जिथं रिकामी पिंपं ठेवतात. मला वाटलं, रडेल. मी डोळे पुसायची तयारी ठेवली होती.

"आत कोन बोललं?"

"मी, वहिनी. म्हणजे, दादाच्या आवाजात—"

"आवाज बराबर होता. मले त्या आवाजाची झोपेत सवय हाय. मी शब्दाचं विचारून राह्यली. ते शब्द कोनाचे?"

मी पिंपाच्या झाकणाकडं बघितलं.

"तो कधी म्हनला होता अन्नाले, पंखा लावा म्हनून?"

"नाही."

"एकडाव तरी?"

"नाही, वहिनी."

आणि मग, दादा, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तिनं मला 'तू' म्हटलं.

"मग काहून बोलला तू? रोज घरी येऊन मले सांगे तो, आज इतका क्रोम वाचवला, अन्नानं पाठ थोपटली. मी म्हनो, लावत जा ना तो पंखा, तुह्या नाकातून रक्त येते, तुह्या उशीच्या खोळी मी धुते, मले दिसते. तं मले म्हने, तुले केमिस्ट्री समजते काय? ताटावरून उठून जाये. माहेरी गेली मी त्याच्यापायी, एकडाव नाई, दोनडाव. अन्नाले मी सोता जाऊन सांगतो म्हटलं, तं माह्या पाया पडला, म्हने माह्यी इज्जत जाईल. इतके वर्ष मी भांडली त्याच्यासंगं. आन् आज तू उभा राह्यला आन् त्याले शहाना करून टाकला. तोच म्हनत होता, पंखा लावा! सगळे रडले. अन्नानंबी हात जोडले. मग मी कोनासंगं भांडत होती रे? मी येडी होती काय? त्यानं एकडाव जरी तोंड उघडलं असतं तर मी आज या पिंपाजवळ उभी नसती. त्यानं नाई उघडलं. तेवढंच तं मले त्याच्यावर रागवाले राह्यलं होतं, तेबी तू नेलं. तुले सांगाचं होतं, तं तुह्या तोंडानं सांगाचं. तोंड नाई काय तुले? दुसऱ्याच्याच तोंडानं जगाचं काय जलमभर? जाय आत. अन्नाले सांग, हे सुधाकर नाई बोलला, मी बोललो. पंखा लावा, हे मी म्हनतो, प्रकाश म्हनतो. ऐकलं तं ऐकलं, नाई ऐकलं तं भांड. पाह्यतं काय माह्याकडं? जाय. मी इथंच उभी हाय."